साठ किलोचं खोकं

फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून आलेल्या निरोपात पाच सूचना होत्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. सोबतचा फॉर्म भरून आणावा. सैल कपडे घालावेत. पंधरा मिनिटं आधी यावं. आणि पाचवी, जाड अक्षरात: ठरलेली वेळ चुकल्यास पुढची वेळ सहा आठवड्यांनी मिळेल. निरोप सोमवारी आला, माझी वेळ गुरुवारी सकाळी साडेअकराची होती. मी वर्तमानपत्रात काम करतो. तेवढ्या दिवसांत आम्ही तीन अख्खे अंक काढतो. पाच सूचना पाळणं म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं. हे वाक्य मला पुढे मागे घ्यावं लागणार आहे.

वाक्यं मागे घेणं हाच तसा माझा धंदा. आमच्या दुसऱ्या पानावर तळाशी ‘दुरुस्ती’ नावाची एक चौकट असते, ती मी लिहितो. आदल्या दिवशी चुकलेली नावं, आकडे, पदव्या. एकदा आम्ही एका हयात गृहस्थांना श्रद्धांजली वाहिली होती. दुसऱ्या दिवशीची दुरुस्ती वाचून त्यांनी फोन केला आणि भाषा चांगली साधली आहे म्हणून कौतुक केलं. सांगायचा मुद्दा, चूक झाली की ती किती ओळींत, किती नम्रतेनं आणि कोणाच्याही डोक्यावर न फोडता कबूल करायची, हे मला कळतं. निदान दुसऱ्यांची.

माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. नुसता हात वर जात नाही म्हणून कोणाचं अडत नाही. शाळा सुटल्यापासून मला हात वर करायचे प्रसंग फार आलेले नाहीत. पण आमच्या घरात रोज सकाळी आठला एक काम असतं. बाबांना पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवायचं. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायांनी काम सोडलं. मी काखेत हात घालून उचलतो, बायको पाय धरते, आणि मग दिवसभर ते खिडकीतून रस्ता बघतात. त्यांची सगळी नोकरी ट्रकच्या वजनकाट्यावर गेली. अजूनही समोरून ट्रक गेला की ते “भरलेला, सोळा टन” किंवा “रिकामा, उगाच ताडपत्री बांधलीय” असं स्वतःशी म्हणतात. खुर्चीत बसवलं नाही, तर त्यांना बघायला छत उरतं.

आणि त्यांची एक अट होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, “ज्या दिवशी मला उचलताना तुम्हाला इजा होईल, त्या दिवसापासून मी पलंगावरच बरा. पुन्हा उचलायचं नाही.” बाबा अटी घालतात आणि पाळतात.

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी ते माझ्या हातांतून निसटायला लागले. मी त्यांना सावरलं आणि माझ्या खांद्यात काहीतरी झालं. हे मला आणि बायकोला माहीत होतं. बाबांना आम्ही सांगितलं, की माळ्यावरून खोकं उतरवताना खांदा दुखावला.

तर फॉर्म. सातवा प्रश्न होता: दुखणं कसं सुरू झालं? सविस्तर लिहा. आमच्या घरातला कुठलाही कागद बाबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. काट्यावरची सवय, फाटकातून काहीही न बघता सोडायचं नाही. म्हणून मी लिहिलं, “माळ्यावरून जुन्या अंकांचं खोकं उतरवताना.” कागद बाबांकडे गेला. त्यांनी चष्मा लावला.

“वजन लिहिलं नाहीस.”

“कशाचं?”

“खोक्याचं. सविस्तर म्हटलंय.”

“साठ किलो,” मी म्हणालो. का म्हणालो ते मला लगेच कळलं. मी आयुष्यात उचलतो असं एकच वजन आहे, आणि ते तेवढं आहे.

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “साठ किलोचं खोकं माळ्यावर चढवलं कोणी?”

“चढवलं नाही, बाबा,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “खोकं आधीपासून वरच होतं. त्यात थोडं थोडं भरत गेलो.”

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण या बाईचे काही गुण मला अजून नीट माहीत नाहीत.

बाबा “हं” म्हणाले आणि कागद परत दिला. पोत्यांखाली दगड भरून आणलेले ट्रक ज्या माणसानं जन्मभर पकडले, त्याचा तो “हं” होता. मी त्यावर विचार करायला हवा होता. पण मला चिठ्ठी शोधायची होती.

चिठ्ठी सापडली आणि तीत ‘डावा खांदा’ असं लिहिलेलं सापडलं.

मंगळवारी सकाळी मी इस्पितळात गेलो. चिठ्ठीवर सही करणारे डॉक्टर सोमवारपर्यंत रजेवर होते. मला चार नंबरच्या खिडकीकडे पाठवलं. खिडकीमागच्या कारकुनानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

“यात चूक काय आहे?”

“डावा लिहिलंय. उजवा हवा.”

“हवा म्हणजे? हे काय आपल्या आवडीवर असतं?”

“दुखतो उजवा.”

“ते तुम्ही म्हणता. डॉक्टर डावा म्हणतात. मी कोणाचं धरू?” त्याच्या आवाजात जराही राग नव्हता. मी स्वतः वाचकांशी फोनवर याच आवाजात बोलतो. “दोन्ही हात वर करा बघू.”

मी केले. माझ्यामागे अकरा माणसांची रांग होती. डावा हात सरळ छताकडे गेला, उजवा छातीपाशी थांबला. रांगेतला एक जण मला वाहतूक पोलीस समजून डावीकडे सरकला.

“डावा तर छान जातोय,” कारकून म्हणाला.

“तेच तर मी सांगतोय.”

“म्हणजे डावा बरा झाला. चिठ्ठी चुकीची नाही, जुनी झाली आहे. नवी चिठ्ठी सोमवारी, डॉक्टर आल्यावर.”

सोमवार म्हणजे गुरुवार गेला, आणि गुरुवार गेला म्हणजे सहा आठवडे. मी त्याला सहा आठवड्यांचा हिशेब सांगितला. बाबांचं नाही सांगितलं. रांगेत उभं राहून असल्या गोष्टी सांगता येत नाहीत. पण बहुधा चेहऱ्यावर काहीतरी आलं असावं. त्यानं पेन उचललं. “खोडाखोड करायचा मला अधिकार नाही,” तो म्हणाला, “भर घालायचा आहे.” आणि ‘डावा’च्या पुढे ‘व उजवा’ असं लिहून त्यानं शिक्का मारला. मी घरी परतलो तेव्हा माझे दोन्ही खांदे अधिकृतपणे निकामी होते.

जिन्यात ‘नवे गुडघे’ भेटले. आमच्या वरच्या मजल्यावरचे हे गृहस्थ. गेल्या वर्षी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले. तेव्हापासून अख्खी इमारत त्यांना याच नावानं ओळखते आणि त्यांनाही ते पदवीसारखं वाटतं.

“गुरुवारी पहिल्यांदा जाताय ना?” ते म्हणाले. “कोरे जाऊ नका. परीक्षेला कोणी अभ्यास न करता बसतं का? पहिल्या दिवशी ते तुमचा हात किती वर जातो ते मोजतात, आणि तो आकडा कायमचा चिकटतो. माझा पहिला आकडा वाईट आला, पुढे चार महिने त्या पोरी मला ‘कच्चे’ समजत होत्या.”

“मग काय करू?”

“भिंत. बोटं चालवत वर न्यायची. रोज खूण करायची.”

अभ्यास न करता परीक्षेला बसणं माझ्याही तत्त्वात बसत नाही. मी बाबांच्या खोलीतल्या भिंतीवर बोटं चालवली आणि पेन्सिलीनं खूण केली. अर्ध्या तासानं दुसरी केली, ती पहिलीच्या खाली आली. संध्याकाळपर्यंत सात खुणा झाल्या आणि प्रत्येक खूण आधीच्या खुणेच्या खाली होती. भिंतीला रंग देऊन तीन महिने झाले होते. बायको दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

“मुलांची उंची अशी भिंतीवर मोजतात,” ती म्हणाली. “तुम्ही उलटे वाढताय.”

बाबा खुर्चीतून बघत होते. “उद्या खुणा नकोत,” ते म्हणाले. “काटा सारखा वापरला की चुकीचा दाखवतो.” मग घड्याळ बघायला त्यांनी हात उचलला आणि मनगटावरचं घड्याळ घसरून कोपरापर्यंत गेलं. पट्टा सैल झाला असणार. मी म्हटलं, गुरुवारी येताना घड्याळजीकडून नीट करून आणतो. “असू दे,” बाबा म्हणाले.

रात्री जेवताना बायको मला हळूच म्हणाली, “बाबा हल्ली अर्धंच जेवतात. महिना झाला. विचारलं तर पोट भरलं म्हणतात.”

“उकाडा आहे,” मी म्हणालो.

आमच्याकडे बातमी देताना दोन ठिकाणी खात्री करून घ्यायचा नियम आहे. घड्याळ आणि ताट या दोन जागा एकाच संध्याकाळी माझ्यासमोर होत्या. पण तो नियम कचेरीतला. घरात मी उकाडा छापून मोकळा झालो.

बुधवारी सैल कपड्यांची रंगीत तालीम झाली. माझे सगळे शर्ट बटणांचे आणि बेताचे. बायकोनं भाच्याचा एक टी-शर्ट आणला, ज्यात मी दोनदा मावलो असतो. मावणं सोपं होतं, शिरणं नव्हतं. डोकं आणि डावा हात आत गेले; उजवा हात ना आत जाईना, ना बाहेर येईना. बायको खाली भाजी आणायला गेली होती. मी डोक्यावर अर्धा टी-शर्ट घेऊन खोलीच्या मध्यावर उभा होतो आणि दाराची घंटा वाजली.

कापडातून दिसत नव्हतं, पण आवाजावरून कळलं. नवे गुडघे.

“दार उघडंच होतं,” ते म्हणाले. “हा व्यायाम कोणी सांगितला?”

त्यांनी मला सोडवलं. ते करताना मला जे वाटलं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच नोंदवतो, की त्यांनी “कोणाला सांगणार नाही” असं आपणहून आश्वासन दिलं, आणि असं आश्वासन म्हणजे काय हे बातमीच्या धंद्यात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पण ते गेले नाहीत. ते दुसऱ्या कामासाठी आले होते. “खोक्याचा फोटो घेऊन जा,” ते म्हणाले. “मी जिन्याचा नेला होता. पायऱ्यांची उंची त्यांना लगेच कळली. कुठे आहे खोकं?”

बाबा खुर्चीत होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. “हो, दाखव की. मीही पाहिलं नाही अजून.”

आमच्या माळ्यावर एक फुटकी सुटकेस आणि टेबल-फॅनचा रिकामा डबा होता. मी स्टुलावर चढलो. नवे गुडघे स्वतःच्या गुडघ्यांची काळजी घेत चार पावलांवर उभे राहून सूचना देत होते. मी एका हातानं फॅनचा डबा खाली काढला. एका हातानं, सहज. साठ किलोचं खोकं असं उतरवायचं नसतं, हे डबा हवेत असताना माझ्या लक्षात आलं. मग मी कण्हलो. उशिराच, पण कण्हलो.

“यात अंक होते,” मी म्हणालो. “रद्दीत दिले.”

नवे गुडघे यांनी तीन बाजूंनी फोटो काढले. बाबा खुर्चीतून पुढे वाकून डब्याच्या बाजूवरची छापील अक्षरं वाचत होते.

“मालासह वजन सहा किलो,” त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. “शून्य विसरले असतील छापायचं,” ते म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्र वर धरलं. ते मला दुरुस्तीची पळवाट काढून देत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

गुरुवारी मी पंधरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं आधी पोहोचलो. फिजिओथेरपिस्ट पंचविशीची मुलगी होती. तिनं मला ‘काका’ म्हटलं. कचेरीतली याच वयाची मुलं मला ‘सर’ म्हणतात. खांदा दुखला की माणूस काका होतो. तिनं चिठ्ठी वाचली, ‘डावा व उजवा’वर जरा थबकली, दोन्ही हात फिरवून पाहिले.

“डावासुद्धा अवघडतोय,” ती म्हणाली. “सगळं वजन त्याच्यावर घेताय वाटतं. बरं झालं डॉक्टरांनी लिहिलं.”

चार नंबरच्या खिडकीवरच्या माणसाची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मग तिनं फॉर्म उघडला. “खोकं. साठ किलो.” मी फोनवरचा फोटो पुढे केला. तिनं तो बघितला आणि परत दिला. “काका, कसं उचललंत ते करून दाखवा. ही खुर्ची म्हणजे खोकं समजा.”

मी खुर्चीसमोर उभा राहिलो. कंबरेत वाकलो. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीमागून घातले, हनुवटी डावीकडे घेतली, कारण समोरच्याच्या कानाला चष्मा लागतो, उजवा गुडघा पुढे दाबला आणि रोज सकाळी आठला म्हणतो ते माझ्या तोंडून निघालं.

“हं, बाबा, धरा.”

शेजारच्या पडद्याआड कोणाचं तरी यंत्र टिकटिक करत होतं.

“तुमचं खोकं,” ती म्हणाली, “कितव्या वर्षाचं आहे?”

“चौऱ्याऐंशी.”

“पाय अजिबात हलत नाहीत?”

“हलतात थोडे. पण उभं राहता येत नाही.”

“कोणी राहायला सांगितलंय का त्यांना?”

दोन वर्षं आम्ही त्यांना उचलत होतो, नीट, काळजीनं, ठरलेल्या वेळी. तुम्ही किती जोर लावाल, असं आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. साधं वाक्य आहे. सामान हलवताना माणसं एकमेकांना विचारतात.

तिनं मला चाळीस मिनिटं शिकवलं. बरंचसं खांद्याचं, आणि शेवटची दहा मिनिटं बाबांना कसं उचलायचं याची. त्यांना पलंगाच्या काठावर आणायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, त्यांनी पुढे झुकायचं, मी फक्त कंबरेला धरायचं. अर्धं वजन त्यांचे पाय घेतील, निदान पाव तरी. “पुढच्या वेळी खोक्याला घेऊन या,” ती म्हणाली. “आणि तो सातवा प्रश्न घरून नीट लिहून आणा. मला खरं कारण लागतं.”

येताना मी घड्याळजीच्या दुकानासमोर थांबलो आणि तेव्हा आठवलं की घड्याळ बाबांच्याच हातावर आहे. तिथेच, फुटपाथवर, मला पट्टा, ताट आणि उकाडा हे तिन्ही एका ओळीत दिसले. पट्टा चामड्याचा होता. चामडं महिन्यात एवढं सैल होत नाही.

घरी आलो तर बाबा खिडकीशी होते. मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसलो. सांगायचं काय ते वाटेत चार वेळा रचलं होतं. चौकटीत बसेल एवढं, नम्र, कोणाच्या डोक्यावर न फोडता. त्यातलं एकही वाक्य आलं नाही.

“बाबा, खोकं नव्हतं.”

“माहितीय.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. खांद्यातून कट् असा आवाज आला. तू मला धरलं होतंस, माझा कान तिथंच होता.” त्यांनी रस्त्यावरून नजर हलवली नाही. “तुम्ही दोघं इतक्या निगुतीनं खोटं बोलत होता. मोडवेना.”

“आणि तुमची अट?”

खालून एक ट्रक गेला, त्याचं वजन त्यांनी केलं नाही.

“अट पाळली असती तर ही खिडकी गेली असती,” ते म्हणाले. “तेवढी माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, तू खांदा नीट करून घे, तोवर माल हलका करू.”

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. बायको दारात आली. तिनं काहीही न विचारता आत जाऊन ताट वाढलं, पूर्ण, आणि बाबांसमोर आणून ठेवलं.

“सूनबाई, एवढं नको.”

“नवी पद्धत आहे,” ती म्हणाली. “उद्यापासून उठताना अर्धं वजन तुमच्या पायांवर. पायांत जोर नको का?” मी तिला अजून काही सांगितलं नव्हतं, फक्त फोनवर दोन वाक्यं. बाकी तिनं स्वतः भरलं होतं, थोडं थोडं, खोक्यासारखं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “उभं राहायचं?”

“तिथल्या मुलीनं विचारलंय, तुम्ही किती जोर लावाल.”

“मला?” बाबा म्हणाले. मग ताटाकडे वळले आणि जेवले. हळूहळू, पण सगळं. शेवटचा घास झाल्यावर हात पुसून त्यांनी फॉर्म मागितला.

काट्यावरचं त्यांचं अक्षर अजून तसंच आहे, बारीक आणि सरळ. त्यांनी सातव्या प्रश्नाखालची माझी ओळ एकाच रेघेनं खोडली, वाचता येईल अशी, कारण खाडाखोड वाचता आली पाहिजे हा त्यांचा नियम. खाली लिहिलं: वडिलांना उचलताना. वजन त्या दिवशी एकसष्ट किलो, आज अंदाजे अठ्ठावन्न. त्याखाली सही केली, तारीख घातली. कागद माझ्याकडे द्यायला हात पुढे केला आणि परत घेतला. काट्यावरच्या प्रत्येक पावतीच्या तळाशी ते जे लिहायचे, तेच तीन शब्द त्यांनी सहीच्या खाली लिहिले आणि मग कागद सोडला.

चूकभूल द्यावी घ्यावी.